ऑफिसचं नेट आणि मेल लिनक्सवर: अकरा महिन्यांनंतर

सांगलीतलं आमचं सीएचं ऑफिस, नऊ कॉम्प्युटर, एक फायबर कनेक्शन. भंगारात निघालेल्या आय-थ्री डेस्कटॉपमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड घातलं, डेबियन १२ हे लिनक्स टाकलं आणि नेट व मेल दोन्ही त्याच्यामार्फत सुरू केलं.

नेटसाठी स्क्विड, म्हणजे सगळ्यांचं नेट ज्याच्यातून जातं तो मधला प्रॉक्सी प्रोग्राम. जुन्या सवयीने ५० जीबीची कॅश (पाहिलेली पानं पुन्हा द्यायला साठवायची जागा) ठेवली, ती फुकट गेली. आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद. कोणत्या साइटशी बोलणं चाललंय एवढंच स्क्विडला कळतं, आतला मजकूर नाही. मग साठवणार काय? उपयोगी पडले ते डिले पूल, म्हणजे ठरावीक साइटचा वेग बांधून ठेवायची स्क्विडमधली सोय. २० तारखेला थ्री-बी (जीएसटीचं मासिक विवरण) भरायची घाई, त्यात कुणाच्या तरी मशिनवर विंडोज अपडेट सुरू, की बाकीच्यांचं जीएसटी पोर्टल नुसतं फिरत बसायचं. अपडेट आणि व्हिडिओच्या डोमेनना वेगमर्यादा घातल्यापासून ती कटकट थांबली.

मेलमध्ये मात्र माझा हट्ट नडला. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रामवरून थेट मेल पाठवायची म्हणून दोन आठवडे घालवले. आधी इंटरनेटवाल्याने पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग, बंद ठेवलेलं. स्टॅटिक आयपी (न बदलणारा नेटचा पत्ता) घेऊन ते उघडून घेतलं, तर रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) नाही म्हणून जीमेल मेल परत पाठवू लागलं. इंटरनेटवाल्याला फोन केला तर पलीकडून, "ते काय असतं ओ?" शेवटी शरण गेलो. जाणारी मेल होस्टिंग कंपनीच्या एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या) सर्व्हरवरून, पोर्ट ५८७ ने जाते. येणारी मेल फेचमेल हा प्रोग्राम होस्टिंगवरून दर पाच मिनिटांनी खेचून आणतो आणि डोव्हकॉट हा दुसरा प्रोग्राम ती आयमॅपवर, म्हणजे मेल आपल्या सर्व्हरवरच ठेवून, सगळ्यांना दाखवतो.

याचा खरा फायदा नेट गेल्यावर कळतो. जुन्या नोटिसा, स्कॅन, सगळं हाताशी. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर २० एमबीचं स्कॅन पाठवलं तर ते बाहेर जातच नाही, घरातल्या घरात पोचतं.

एकदा डिस्क भरली. मेल आणि स्क्विडचे लॉग (नोंदींच्या फाइली) डिस्कच्या एकाच भागात ठेवले होते, चूक माझीच. फेचमेल आणलेली मेल पोस्टफिक्सकडे सोपवतं, त्याने ती घ्यायचं थांबवलं. पण ताब्यात घेतली न गेलेली मेल फेचमेल मूळ सर्व्हरवरून पुसत नाही, म्हणून काही हरवलं नाही. एरवी मात्र पीओपीवरून (मेल उतरवून घ्यायच्या पद्धतीने) आणलेली मेल तिथून पुसली जाते, म्हणजे एकमेव प्रत आपल्याच डिस्कवर. हे ध्यानात यायला मला तीन आठवडे लागले. तेव्हापासून रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर प्रत जाते.

वीज साधारण दिवसाला एक युनिट. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, माझे रविवार धरले नाहीत तर.

खरी अडचण एकच: ऑफिसात हे फक्त मला येतं. लग्नासाठी रत्नागिरीला गेलो होतो, मांडवात फोन आला. आता कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय, चार कमांड ठळक अक्षरात. गेल्या महिन्यात आर्टिकलशिपच्या (सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या) मुलाने तो बघून डोव्हकॉट रीस्टार्ट केलं आणि मला सांगितलंही दुसऱ्या दिवशी.