स्टँचनचा पाया, इपॉक्सी आणि ब्यूटाइल टेप: एका पावसाळ्यानंतर

आमची जे-२४ ही छोटी शिडाची होडी मुंबई बंदरात नांगरलेली असते. डिंगीतून (किनाऱ्यावरून ने-आण करणाऱ्या लहान होडीतून) वर चढणारा प्रत्येक जण डावीकडचा एकच स्टँचन (डेकच्या कडेच्या कठड्याचा उभा दांडा) धरतो, त्यामुळे त्याचा पाया डुगडुगायला लागला होता. दांडा साधारण ६० सेंमी उंच, पाया जेमतेम ७ सेंमी रुंद. वर २० किलोचा हिसका बसला की खाली बोल्टवर पावणेदोनशे किलोच्या आसपास ओढ येते. मे महिन्यात होडी पाण्याबाहेर काढल्यावर दुरुस्ती केली. आता फेब्रुवारी आहे.

अशा वेळी बरेच जण नट आवळतात आणि कडेनं सिलिकॉन फासतात. त्यानं काही साधत नाही, कारण दुखणं आत असतं. या होडीचा डेक म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की लाकूड कुजतं, डेक दबतो, बोल्ट आणखी सैल होतो आणि पाण्याला वाट मोठी मिळते. पाया काढून भोकाभोवती ड्रिलच्या मुठीनं ठोकलं तर बद्द आवाज येत होता. आतून निघालेलं लाकूड उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलं होतं.

वाकवलेली ॲलन की ड्रिलला लावून भोकाभोवतीचा बाल्सा कोरडं लाकूड लागेपर्यंत खरवडून काढला. काही दिवस वाळू दिलं. खालून टेप लावून आधी पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळला की कडक होणारं रेझिन) आत मुरवलं, मग फिलर घालून घट्ट केलेलं भरलं. मुंबईच्या मे महिन्यात साधा हार्डनर घातलेलं मिश्रण हातातच तापून घट्ट होतं; उष्ण हवेसाठीचा संथ हार्डनरच घ्या आणि एकदम सगळं न भरता दोन-तीन टप्प्यांत भरा. पूर्ण कडक झाल्यावर त्यातूनच नवीन ६ मिमी भोकं पाडली. आता बोल्ट लाकडाला शिवतही नाही. दुरुस्तीचा जीव इथेच आहे. सीलंट (फटीतून पाणी अडवणारा लेप) कोणता, हा प्रश्न नंतरचा.

खालून वॉशरऐवजी एफआर-४ची (काचतंतू आणि इपॉक्सीच्या कडक पत्र्याची) जाड पट्टी लावली. विजेच्या इन्सुलेशनसाठी ती मिळतेच. कापताना मास्क हवाच, धूळ फार खाजवते. सीलंट म्हणून पायाखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावली. भोकाचं वरचं तोंड किंचित रुंद, फनेलसारखं केलं, म्हणजे ब्यूटाइल बोल्टभोवती दाबून बसतं. नट आवळताना बोल्ट मुळीच फिरू देऊ नका, सील तुटतं. आणि एका दमात आवळू नका. रोज थोडं आवळायचं, कडेनं बाहेर येईल ते कापून टाकायचं.

पावसाळाभर होडी उघड्यावर होती. खालच्या पट्टीभोवती मी खडूनं रेघ मारली होती, पाणी झिरपलं तर ती ओघळून कळावं म्हणून. ती अजून जशीच्या तशी आहे. ऑक्टोबरपासून माणसं तोच स्टँचन धरून चढताहेत आणि पाया हलत नाही.

तक्रारी आहेत. उन्हात ब्यूटाइल मऊ होऊन कडेनं थोडं थोडं बाहेर येत राहतं आणि त्यावर बंदरातली काजळी चिकटते, डेकवर काळी रेघ दिसते. पेट्रोल-रॉकेलनं ते विरघळतं, म्हणून इंधनाच्या झाकणाजवळ नको. पाण्याखालच्या फिटिंगलाही नको, तिथे पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट लागतं. बाकी डेकवर मात्र मी हेच वापरणार. यंदाच्या मे महिन्यात जेनोआच्या (पुढच्या मोठ्या शिडाच्या) ट्रॅकचे, म्हणजे डेकवरच्या पट्टीचे, बोल्ट काढायचे आहेत.