दोन केंद्रकं दाखवणारा मायक्रोस्कोप: सहा महिने वापरून

नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून हा मायक्रोस्कोप जूनमध्ये ६,५०० रुपयांना घेतला. मी घरी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. पॅरामेशियम या पाण्यातल्या एकपेशी जीवाला दोन केंद्रकं (पेशीतला जनुकं असलेला भाग) असतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण एकाच पेशीत दोन कशाला, असं विचारलं की वर्ग गप्प! म्हणून ती दाखवायचीच असं ठरवलं.

सोमेश्वरहून गोदावरीच्या कडेचं पाणी आणलं, त्यात वाळलेलं गवत घालून चार दिवस झाकून ठेवलं. स्लाइडवरच्या थेंबात कापसाचे दोन-तीन तंतू टाकले, म्हणजे धावणारं पॅरामेशियम जरा अडतं. मग कव्हरस्लिपच्या कडेला मिथाइल ग्रीन या केंद्रक रंगवणाऱ्या रंगाचा थेंब सोडला. ४० च्या लेन्सखाली मोठं केंद्रक घेवड्याच्या दाण्यासारखं हिरवं उठून दिसलं आणि त्याच्या खोबणीत बसलेला बारीक ठिपका, लघुकेंद्रक, तोही. लेन्सला माझे पूर्ण गुण.

तिथून विषय टेट्राहायमेनावर गेला, हा पॅरामेशियमचाच नातलग. त्याच्या लघुकेंद्रकात प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती असतात, पुढच्या पिढीसाठी जपलेल्या. रोजचं काम मोठं केंद्रक करतं. दोन पेशींचा संयोग झाला की जुनं मोठं केंद्रक नष्ट होतं आणि संयोगातून आलेल्या केंद्रकापासून नवं घडतं. ते घडताना बहुतेक जनुकांच्या साधारण ४५ प्रती होतात, पण रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएचं जनुक असलेल्या डीएनएच्या तुकड्याच्या तब्बल ९,०००च्या आसपास! प्रत काढायला जिथून सुरुवात होते तो भाग त्याच तुकड्यावर असतो. तिथं बिघाड झाला की तो तुकडा प्रती काढण्यात मागे पडतो आणि धडधाकट तुकडा त्याची जागा घेत जातो. एका मुलीनं लगेच विचारलं, "मॅडम, मग लघुकेंद्रकात तो बिघाड तसाच राहतो ना?" राहतो. माझी ती संध्याकाळ सार्थकी लागली.

आता तक्रार. बारीक फोकसचा नॉब दोन महिन्यांतच सैल झाला. दिसायला लागलेला ठिपका हात काढताच धूसर व्हायचा. दुकानदारानं दुरुस्तीला घेतला आणि तीन आठवडे "उद्या या" म्हणत राहिला. ऐन प्रात्यक्षिकांच्या दिवसांत हे फार लागलं. आता नॉब घट्ट आहे. लाइट चार्जिंगवर चालतो, वीज गेली तरी तास बुडत नाही. घेणार असाल तर दुकानातच ४० ची लेन्स लावा, फोकस करा, दहा मिनिटं हात न लावता थांबा आणि मग पुन्हा डोळा लावून बघा.