श्रीलंकेच्या आठ वारसास्थळांचा ‘जुना’ पोस्टकार्ड संच : पैसे पाठवण्याआधी हे वाचा

श्रीलंकेच्या आठही जागतिक वारसास्थळांची ब्रिटिश काळातली पोस्टकार्डं, एकाच घरात जपलेला पूर्ण संच, असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. असा संच असूच शकत नाही.

मी धुळ्याची. अजिंठा लहानपणापासून पाहिलेला. पुढे एका कार्डावर सिगिरियाच्या कातळावरच्या स्त्रिया पाहिल्या, तेव्हा पहिल्या लेण्यातले चेहरे डोळ्यांसमोर आले आणि श्रीलंकेचीच कार्डं जमवायची असं ठरलं. देश लहान, स्थळं आठच. अनुराधपुरा, पोलोन्नरुवा आणि सिगिरिया १९८२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. कँडी, गॉलचा किल्ला आणि सिंहराजा अरण्य १९८८ साली. दंबुल्लाची लेणी १९९१ साली आणि मधला डोंगराळ प्रदेश, म्हणजे सेंट्रल हायलँड्स, २०१० साली. आजची कार्डं तिकडे जाणाऱ्या कुणाकडून तरी मागवता येतात. जुन्यांसाठी मात्र विकणाऱ्याच्या शब्दावरच भिस्त असते, आणि मला फसवणारा विक्रेता नेमका तिथेच शिरला.

आधी त्याने कँडीच्या दंतमंदिराचं एक कार्ड अगदी स्वस्तात दिलं. ते अस्सल होतं. तिकीट, शिक्का, सगळं चोख. काही आठवड्यांनी त्याचाच मेसेज आला : आजोबा चहाच्या मळ्यावर कारकून होते, त्यांचा अल्बम निघालाय, आठही स्थळं आहेत. फोटो फक्त पुढच्या बाजूचे. मागची बाजू मागितली तर म्हणाला, “अल्बममधून काढलं तर कोपरे फाटतील, ताई.” दुसऱ्या दिवशी पुण्याचं दुसरं गिऱ्हाईक उभं केलं. सहा हजार रुपये यूपीआयने आगाऊ घेतले, उरलेले व्ही.पी.ने. व्ही.पी.त पोस्टमनला पैसे दिल्याशिवाय पाकीट हातात पडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाकीट फोडून मी फोन लावला तोवर माझा नंबर ब्लॉक झाला होता.

आता कार्डांविषयी सविस्तर सांगते, कारण हीच माहिती तुमचे पैसे वाचवेल.

गॉलच्या कार्डावर १९१२ साल छापलेलं होतं. चित्रात किल्ल्याच्या बुरुजावर पांढरं दीपगृह दिसतं. आज उभं असलेलं ते दीपगृह १९३९ साली बांधलं. दंबुल्लाचं कार्ड १९०५ चं म्हणून दिलं, आणि त्यात लेण्यांपुढची पांढऱ्या कमानींची ओवरी स्वच्छ दिसते. ती ओवरी १९३८ ची. त्याआधीच्या खऱ्या फोटोत ती दिसूच शकत नाही. पोलोन्नरुवाचं कार्ड १९५५ साली टपालात पडलेलं, पण शिक्क्यात देशाचं नाव श्रीलंका! २२ मे १९७२ पर्यंत देशाचं अधिकृत नाव सिलोन होतं, तिकिटांवर आणि शिक्क्यांवरही तेच असायचं. आणि आठवं कार्ड तर उघड खोटं. त्यावर ‘सेंट्रल हायलँड्स’ असं छापलेलं. पीक वाइल्डरनेस, हॉर्टन प्लेन्स आणि नकल्स हे तीन भाग एकत्र धरून हे वारसास्थळ ठरलं ते २०१० साली. ब्रिटिश काळातल्या कार्डावर फार तर अ‍ॅडम्स पीक किंवा हॉर्टन प्लेन्स असं नाव सापडेल. म्हणजे ही आठ नावं एका यादीत आली तीच २०१० मध्ये. मग त्या कारकुनाने हीच आठ निवडून अल्बमात कशी लावली असतील?

कागदाची परीक्षा आग्रा रोडवरच्या ओळखीच्या सराफांनी केली. भिंगाखाली इंकजेटच्या फवाऱ्याचे रंगीत ठिपके दिसले. शिक्क्याची काळी शाईसुद्धा त्याच ठिपक्यांची, म्हणजे शिक्का मारलेला नव्हता, छापलेला होता. मग त्यांनी नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कार्ड धरलं. ते निळसर पांढरं लखलखलं. “ताई, हाऊ कागद नवा शे,” ते म्हणाले. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं या दिव्यात चमकतात, आणि ती कागदात आली दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर. १९०५ चा कागद असा चमकत नाही. उलट, एखादं कार्ड चमकलं नाही म्हणून ते जुनंच, असंही समजू नका. साधा कागद आजही मिळतो.

मला सर्वांत जास्त राग आला तो पहिल्या कार्डाचा. ते खरं कार्ड त्याने विश्वास विकत घ्यायला वापरलं. जुन्या वस्तू जमवणारी माणसं एकमेकांच्या शब्दावर व्यवहार करतात, म्हणून तर हा छंद टिकला आहे. अशा माणसांमुळे प्रामाणिक विक्रेत्यांकडेही संशयाने बघावं लागतं.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली. यूपीआय व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे संदर्भ क्रमांक, आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, ते लगेच मागतात. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची आशा. माझे पैसे अजून आलेले नाहीत. व्ही.पी.चं पाकीट, त्यावरची पावती आणि आठही कार्डं मी तशीच ठेवली आहेत.

परवा जळगावच्या एका संग्राहकाने मला फोटो पाठवले. मला आलेल्या फोटोंत कार्डांखाली होती तीच निळी चादर, तेच गॉलचं दीपगृह, फक्त विकणाऱ्याचं नाव आणि नंबर नवा. आजोबा या वेळी रेल्वेत होते. तुमच्याकडे हे फोटो आले तर मागच्या बाजूचा फोटो मागा, मेसेज पुसू नका आणि तो नंबर तक्रारीत द्या.