कराच्या बिलातली एक ओळ

मालमत्ता कराच्या खात्यात ३१ वर्षं काढल्यामुळे कुठलंही बिल दिसलं की माझा चष्मा आपोआप नाकावर येतो. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला मुलीकडे आलोय, तिच्या घराचं बिल वाचत होतो. शाळा वगैरे ठीक, पण मध्येच ‘ईस्ट बे रीजनल पार्क’. बागेसाठी घरपट्टीत वेगळी ओळ? मुलगी म्हणाली, “बाबा, आधी माल बघा, मग हरकत घ्या.”

म्हणून याच संस्थेचं, बर्कलीच्या डोंगरावरचं टिल्डन उद्यान बघितलं. प्रवेश फुकट, गाडी लावायचेही पैसे नाहीत. इन्स्पिरेशन पॉइंटपासून निमित्झ वे नावाची डांबरी वाट निघते; माझे गुडघे आणि नातवाची बाबागाडी, दोघांचंही भागलं. उजव्या हाताला खाली जलाशय, लांब माउंट डियाब्लो. आणि मध्ये? काहीच नाही. नुसत्या टेकड्या. चरणाऱ्या गाई मात्र आहेत. त्या पशुपालकांच्या, चराईचे पैसे ते पार्क डिस्ट्रिक्टला, म्हणजे ही उद्यानं सांभाळणाऱ्या सार्वजनिक संस्थेला, देतात, आणि गाई गवत खातात म्हणून उन्हाळ्यात वणव्याला खाद्य कमी मिळतं. ही जमाखर्चाची नोंद मला फार आवडली.

त्याहून आवडली १९३४ ची गोष्ट. ऐन महामंदीत इथल्या लोकांनी मतदान करून उद्यानांसाठी स्वतःवर कर लावून घेतला, १०० डॉलरच्या मूल्यांकनामागे ५ सेंट. मी नोकरीत हरकतींचे गठ्ठे उपसलेत. ‘कर लावा’ म्हणणारा एकही अर्ज पाहिला नाही. झालं असं की १९२९ मध्ये सिएरा पर्वतातून नळाने पाणी आलं आणि पाणीपुरवठा मंडळाला टेकड्यांवरची सगळी राखीव जमीन लागेना. ती प्लॉट पडून विकली जायच्या आत नागरिक जागे झाले. आज दोन काउंट्यांत (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांत) मिळून सुमारे १,२५,००० एकर राखलंय. १९८८ मध्ये २२.५ कोटी आणि २००८ मध्ये ५० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांनाही मतदारांनी होकार दिला. असल्या रोख्यांची फेड घरपट्टीतून होते.

टिल्डनमधली वाफेची छोटी आगगाडी, १९११ सालचं मेरी-गो-राउंड, त्याबद्दल नातवाला विचारा. लिटल फार्ममध्ये जनावरांना फक्त लेट्यूस आणि सेलरी चालते. आम्ही पोळी नेली होती. ती बाकावर बसून मीच खाल्ली.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण निलगिरीच्या नावाने कापला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडाच्या नफ्याच्या आशेने ऑस्ट्रेलियातली ही झाडं या डोंगरांवर दाटीने लावली. लाकूड कामाचं निघालं नाही, आणि ही दाटी विरळ करत, सुकलेल्या सालींचे ढीग उपसत बसायचं काम मात्र पार्कवाल्यांच्या गळ्यात.

एक बघायचं राहिलं. टिल्डनमधला साउथ पार्क ड्राइव्ह हा रस्ता नोव्हेंबर ते मार्च गाड्यांना बंद असतो. पावसात न्यूट नावाचे, पालीसारखे दिसणारे उभयचर विणीसाठी तळ्याकडे निघतात आणि वाटेत हा रस्ता येतो. चिरडले जाऊ नयेत म्हणून माणसांनी वळसा घ्यायचा. पुढच्या खेपेचं तिकीट नोव्हेंबरचं काढायला सांगितलंय. बंद रस्ता बघायचाय.