दिल्लीतली समाधी-सहल: सगळं छान, पण आमचे नरसिंह राव राहिले

फेब्रुवारीत मी आणि माझी धाकटी जाऊ दिल्लीला गेलो होतो, तेव्हा ही अर्ध्या दिवसाची सहल घेतली. गाडी, ड्रायव्हर आणि हिंदी बोलणारा गाइड, दोघींचे मिळून तीन हजार रुपये. सकाळी आठला गाडी हॉटेलच्या दारात हजर. राजघाटापासून सुरुवात, मग शांतिवन, शक्तिस्थळ, वीरभूमी, विजयघाट, किसानघाट. चालणं बरंच होतं. माझे गुडघे दुखतात हे कळल्यावर गाइडनं न सांगता गाडी जवळच्या फाटकाशी आणायला लावली. त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी गुण.

माहितीही तो मन लावून सांगत होता. विजयघाटावर सगळ्यात जास्त वेळ थांबला. शास्त्रीजी जेमतेम 19 महिने पंतप्रधान, पण त्यातच 1965चं युद्ध, धान्याची टंचाई आणि शेवटी ताश्कंद. "कुर्सी पर कितने दिन बैठे, ये मत गिनिए मॅडम," तो म्हणाला. मला ते फार पटलं. किसानघाटावर चरणसिंगांबद्दलही आदरानं बोलला. पंतप्रधान म्हणून त्यांना सहा महिनेही मिळाले नाहीत, लोकसभेला सामोरं जाता आलं नाही, तरी शेतकऱ्यांच्या मनात त्यांची जागा वेगळीच.

मग मी विचारलं, "आणि नरसिंह राव?"

"उनका तो हैदराबाद में है." झालं, एवढंच. आता दुसरं काही दाखवायचं नाही, वेळ संपली.

त्याचं अर्धं खरं होतं. डिसेंबर 2004मध्ये राव दिल्लीत वारले आणि अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. पण 2015पासून दिल्लीतही यमुनाकाठच्या त्याच परिसरात, राष्ट्रीय स्मृतिस्थळावर त्यांचं स्मारक आहे. ते या सहलीत नाही. पाच वर्षं सरकार चालवलेल्या माणसाला एक थांबाही नसावा, याचं मला वाईट वाटलं.

मी रामटेकची. 1984 आणि 1989, दोन्ही वेळा राव आमच्याकडून निवडून आले. नागपुरात कायदा शिकलेला माणूस, मराठी अस्खलित. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली. माझे वडील सभेहून आले की कौतुकानं सांगायचे, "भाषण मराठीतच झालं, बरं का."

1991च्या जूनमध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा मी नागपुरात बँकेत होते. देशाच्या गंगाजळीत जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे गहाण पडलं. घरातलं सोनं गहाण टाकायला आलेल्या बायकांचे चेहरे मी काउंटरवर रोज पाहत होते, त्यामुळे ती बातमी आम्हाला नुसती बातमी वाटली नाही. 24 जुलैला मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला, तो सगळ्यांना आठवतो. त्याच दिवशी नवं औद्योगिक धोरणही आलं आणि 18 उद्योग सोडून बाकी सगळ्यांचं लायसन गेलं. उद्योग खातं तेव्हा रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. हे सगळं केलं तेव्हा लोकसभेत त्यांच्याकडे बहुमतही नव्हतं.

माझी जाऊ त्यांच्या नावाचं दुसरंच कारण सांगते. 73वी घटनादुरुस्ती त्यांच्याच काळातली. ग्रामपंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा, त्याही घटनेनं दिलेल्या. ती स्वतः दोनदा सदस्य होती.

6 डिसेंबर 1992 मी विसरत नाही. बाबरी पडत होती आणि केंद्र सरकार पाहत राहिलं. त्यानंतर मुंबईत जे झालं, तेही. बँकेच्या सवयीनं मी जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहिते. ही रक्कम नावे पडते आणि ती मोठी आहे. तरीही माझ्या हिशेबात नेहरूंनंतर देशाचं रोजचं जगणं सगळ्यात जास्त बदललं ते या पाच वर्षांत. गाइडनं हे कबूल करावं असं नाही, वाद घातला असता तरी चाललं असतं. पण त्यानं नुसतं हैदराबादकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षा करून स्वतःच स्मृतिस्थळावर गेलो. जावेनं हॉटेलजवळून झेंडूची फुलं घेतली होती.

सहल घ्यायची असेल तर जरूर घ्या, थंडीत घ्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा. पाचपैकी साडेतीन तारे देते. पैसे भरण्याआधी स्मृतिस्थळ यादीत घालायला सांगा, तेवढ्यासाठी अर्धा तास जास्त लागला तरी लागू दे. ही सूचना मी त्यांच्या ऑफिसलाही लेखी दिली आहे. यादी बदलली तर उरलेला दीड तारा मी स्वतः येऊन वाढवीन.