ई-पीक पाहणी ॲप: खरीप आणि रब्बी, दोन्ही हंगामांत वापरल्यानंतर

औसा तालुक्यात तेरणेच्या काठाला आमचं रान आहे. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीचे पाटे, रब्बीला हरभरा. मागच्या खरिपापासून घरच्या जमिनीच्या सगळ्या गटांची पीक पाहणी, म्हणजे कोणत्या रानात काय पेरलंय याची सरकारी नोंद, मीच मोबाईलवर करते. आमच्या बचत गटातल्या ज्या बायकांच्या नावावर जमीन आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचीही मीच करते. ॲप उपयोगाचं आहे आणि टिकलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत झालंय. मात्र आज ते खातेदारापेक्षा घरातल्या मोबाईलवाल्याच्या ताब्यात जास्त आहे, आणि खातेदार बाई असेल तर हमखास.

15 ऑगस्ट 2021 ला ही पद्धत राज्यभर सुरू झाली. त्याआधी सातबाऱ्यावरचा पीकपेरा तलाठी लावायचे. एका तलाठ्याकडे दोन-चार गावं, मग प्रत्येक बांधावर कोण जाणार? मागच्या वर्षीचंच पीक पुढच्या वर्षी चढायचं, आणि बँकेत गेल्यावर कळायचं की आपल्या सोयाबीनच्या जागी कागदावर ज्वारी उभी आहे. आता शेतात उभं राहून आपणच पीक, क्षेत्र, लागवडीची तारीख, पाण्याचं साधन भरायचं आणि फोटो काढायचा. चूक झाली तर 48 तासांत दुरुस्ती करता येते. पुढे नोंद गाव नमुना 12 वर येते. सगळं ॲप मराठीत आहे आणि पिकांची नावं आपण बोलतो तीच आहेत. रब्बी 2024 पासून डीसीएस, म्हणजे डिजिटल क्रॉप सर्वेचं नवं ॲप आलं. आता जुनं ठेवून उपयोग नाही.

त्रास होतो तो जागेचा. गटापासून 50 मीटरच्या आत असल्याशिवाय फोटो घेतला जात नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर चावडीत बसून गावभर ऊस लावला गेला असता. पण गटांचे नकाशे जुन्या मोजणीचे, त्यांची उपग्रहाच्या नकाशाशी घातलेली सांगड काही ठिकाणी सरकलेली. आपल्याच धुऱ्यावर उभं राहावं आणि ॲपने तुम्ही गटापासून लांब आहात म्हणावं, असं नदीकडच्या रानात वरचेवर होतं. अशा वेळी झाडाखालून मोकळ्यात यायचं, फोनचं लोकेशन बंद करून पुन्हा चालू करायचं, जरा थांबायचं आणि गटाच्या मध्याकडे चालत राहायचं. बहुतेक वेळा जमतं. रेंज नसली तरी माहिती भरून ठेवता येते, गावात आल्यावर अपलोड होते. मात्र अपलोड झालं का, हे त्याच दिवशी बघा. भरलं म्हणजे पोहोचलं असं समजून बसलेले लोक गावात आहेत. शेवटच्या तारखेची वाट तर पाहूच नका, त्या दिवशी सगळा जिल्हा एकदम ॲपवर असतो.

सोयाबीनमध्ये तूर असेल तर नोंद मिश्र पीक म्हणून करा आणि दोन्हींचं क्षेत्र वेगळं टाका. घाईत लोक नुसतं सोयाबीन टाकून मोकळे होतात. मग तूर निघते, हमीभाव केंद्रावर नोंदणीला जावं तर सातबाऱ्यावर तूर नाही. 2025-26 साठी तुरीचा हमीभाव 8,000 रुपये आणि सोयाबीनचा 5,328 रुपये क्विंटल जाहीर झाला होता. बाजारात सोयाबीनला हमीभावाहून बराच कमी भाव मिळतो, तेव्हा या एका नोंदीवर घराचा वर्षाचा हिशेब फिरतो. सप्टेंबर 2025 च्या पावसाने मराठवाड्यातली पिकं पाण्याखाली गेली, तेव्हाही ज्यांनी ऑगस्टमध्येच पाहणी केली होती त्यांच्याकडे उभ्या पिकाचा तारखेसकट फोटो नोंदलेला होता. पंचनाम्याच्या वेळी त्याने बोलायला बळ आलं.

आता बायकांचं. आमच्या बचत गटात कुणाचं नाव लक्ष्मी मुक्ती योजनेतून नवऱ्याच्या बरोबरीने लागलंय, कुणाचं नवरा गेल्यावर वारसाने. सातबारा त्यांचा, पण मोबाईल नंबर मुलाचा, आणि मुलगा पुण्याला कंपनीत. ओटीपी पुण्यात वाजतो आणि आई बांधावर उभी. या ॲपची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच आहे: दुसऱ्याच्या मोबाईलवरून खातेदाराची नोंद करता येते. त्यामुळेच मी शेजारणींची पाहणी करू शकले. पण याच सोयीमुळे बाईला न विचारताही तिच्या शेताची नोंद होऊ शकते, आणि होते. माझ्या चुलत सासूबाईंच्या गटात पुतण्याने परस्पर पाहणी करून टाकली होती. त्यांना कळलं ते मी ॲपमधली गावाच्या नोंदींची यादी उघडून दाखवली तेव्हा. त्या म्हणाल्या, “पोरी, रान माझं, खुरपते मी, मग इचारायला काय झालं होतं?” नोंद बरोबर होती, तरी त्यांचा प्रश्न मला पटतो. नोंद झाली की खातेदाराला फोन जावा, मराठीतून, वाचायला न येणाऱ्यालाही कळेल असा. संदेश पुरत नाहीत.

गावाची यादी मात्र जरूर बघत जा. कुणाच्या गटात काय नोंदवलंय ते सगळ्यांना दिसतं, आणि त्यामुळे खोटं पीक लावायला माणूस दहादा विचार करतो. कागदोपत्री 10 टक्के नोंदींची तपासणी गावपातळीवर होते. आमच्याकडे त्याहून जास्त तपासणी पारावर होते.

शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांची पाहणी सरकारने नेमलेल्या सहायकाने करायची असते. गावाला असा सहायक असतो, पण तो कोण हे निम्म्या गावाला माहीत नसतं. त्याचं नाव आणि नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, आणि कोणत्या दिवशी कोणत्या शिवारात येणार याची आदल्या दिवशी दवंडी द्यावी, अशी मागणी आमच्या बचत गटाने ग्रामसभेत लेखी दिली आहे. उन्हाळी भुईमूग लावलेल्यांनी लक्षात ठेवा, रब्बीची नोंद त्याला चालत नाही. उन्हाळी हंगामाची पाहणी वेगळी करावी लागते.