आधी तक्रारवही की आधी हवेची तपासणी?

ऑफिसात डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो अशी कुरकुर वाढली की दोन वाटा असतात: एजन्सी बोलावून हवेचे नमुने घ्यायचे, नाहीतर तक्रारी नीट लिहून घेऊन इमारत फिरून बघायची.

तपासणीचा अहवाल वजनदार दिसतो, पण नमुना त्या दिवसाचा, ठरावीक जागेचा. आकडे मर्यादेत आले की फाइल बंद होते आणि माणसं तशीच शिंकत राहतात. हे फार खटकतं.

वहीत लिहा: कोण कुठे बसतं, त्रास किती वाजता सुरू होतो, घरी गेल्यावर थांबतो का. दुपारी मीटिंग रूममध्येच डोकं दुखत असेल तर स्प्लिट एसीकडे बघा. तो बहुधा आतलीच हवा गार करून फिरवतो. तिथे कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं. आत १००० च्या वर राहिलं तर ताजी हवा कमी पडतेय. एकाच रांगेला त्रास असेल तर फॉल्स सीलिंगची टाइल उचलून ओल, बुरशी शोधा.

माझा कौल आधी वहीला. मात्र कुणाला ताप, दम किंवा चक्कर असेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टर आणि तपासणी, दोन्ही त्याच दिवशी.